खुर्चीत बसून कामाला जाते!

परवाचीच गोष्ट. सकाळी सव्वानऊच्या सुमारास सेव्हन हिल्सच्या पुलाखाली सिग्नलला थांबले होते. शेजारी एक स्कूटर येऊन उभी राहिली. पुढे उभं असलेलं पाचेक वर्षांचं पोर माझ्याकडे टक लावून बघत होतं. बघून बघून झाल्यावर ते आईला म्हणालं, "आई, त्या आजी खुर्ची घेऊन ऑफिसला चालल्यात!"

आई बिचारी ओशाळली. मला मात्र हसू आलं. पोराचं काही चुकलं नव्हतं. २०२३ च्या पावसाळ्यापासून मी खुर्चीत बसूनच कामाला जाते. खुर्चीला पुढे एक लहान चाक आहे, मागे एक मोठं चाक आहे आणि पाय समोर लांब करून पायडल मारावं लागतं, एवढंच!

गारखेड्यापासून चिकलठाणा एमआयडीसीपर्यंत साडेसहा किलोमीटरचा माझा रस्ता. त्या रस्त्यावर रोज कुणी ना कुणी थांबवून विचारतं, "बाई, ही कुठं मिळते हो?" "केवढ्याला पडली?" "पडायला होत नाही का?" या सगळ्याची उत्तरं मी देते. पण "ही केली कशासाठी?" या प्रश्नाचं खरं उत्तर रस्त्यात उभं राहून देता येत नाही. ते बायकांनी बायकांनाच सांगायचं उत्तर आहे. म्हणून आज लिहायलाच बसले.

माझी सायकल माहेरची. १९९२ साली लग्न होऊन मी जालन्याहून इथे आले, तेव्हा वडिलांनी भांड्यांच्या ऐवजी लेडीज सायकल दिली. "भांडी सासरी असतातच, पाय मात्र आपले आपल्याला लागतात," असं ते म्हणाले होते. त्या सायकलवर मी भाजी आणली, गॅसच्या नंबराला गेले, लेकीला करिअरवर बसवून शाळेत सोडलं. लेक मोठी झाल्यावर चिकलठाण्याच्या एका लहानशा कंपनीत हिशेबाचं काम धरलं, तेव्हाही सायकलच. आमचे हे वाळूजला कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यांना कंपनीची बस होती, मला माझी सायकल. घरात स्कूटर आली, पण ती कधी मला वळली नाही. खरं सांगायचं तर मी ती वळवून घेतलीच नाही.

२०२२ च्या जानेवारीत माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. वर्षभर अंगावर काढल्यावर शेवटी गर्भपिशवी काढावी लागली. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाईंनी तीन महिने सायकलला हात लावू दिला नाही. चौथ्या महिन्यात तपासून म्हणाल्या, "आता हळूहळू चालवा." मी आनंदानं सायकल पुसली, हवा भरली आणि निघाले. गजानन महाराज मंदिराच्या चौकापर्यंतही गेले नसेन, डोळ्यांतून पाणी आलं.

दुखत होतं ते ज्या जागी, त्या जागेचं नाव आपण घरात घेत नाही. डोकं दुखलं तर बाम मागता येतो, कंबर दुखली तर चारचौघींत सांगता येतं. हे कुणाला सांगायचं? सीटचं पुढचं टोक नेमकं तिथे टोचायचं आणि प्रत्येक गतिरोधकावर जीव कळवळायचा. पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "आजार काही नाही. पण तो भाग नाजूक झालाय, त्याच्यावर भार येऊ देऊ नका. सायकलच्या सीटवर बसणं तुम्हाला सोसणार नाही."

झालं! तीस वर्षांचे माझे पाय एका वाक्यात गेले.

मग रिक्षा सुरू झाल्या. शेअर रिक्षात तिघींच्या जागी चौघी. सकाळी एक रिक्षा सिडकोपर्यंत, तिथून दुसरी. संध्याकाळी तोच प्रकार उलटा. महिन्याच्या शेवटी हिशेब केला तर पगाराचा पाचवा हिस्सा रिक्षात गेलेला. हिशेबखात्यात काम करणाऱ्या बाईला हा आकडा काही डोळ्याआड करता येईना. त्यात हे २०२१ मध्ये निवृत्त झालेले. सकाळी अंघोळ, पूजा, पेपर झाला की खिडकीत बसून राहायचे. मी नोकरी सोडावी की काय, असं मनात येऊ लागलं. घरात कुणी 'सोड' म्हणत नव्हतं, पण 'सोडू नको' असंही कुणी म्हणत नव्हतं.

एके रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी विचारलं, "सायकल का घेत नाहीस हल्ली? पंक्चर आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना जे सांगितलं नव्हतं ते त्या रात्री भांडी घासता घासता, त्यांच्याकडे पाठ करून, सांगून टाकलं. काय दुखतं, कुठे दुखतं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं. ह्यांनी एक शब्द उच्चारला नाही. उठून बाहेर गेले. मला वाटलं, उगाच बोलले. पुरुषमाणसाला हे काय कळणार?

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर हे पोर्चमध्ये माझी सायकल उलटी करून तिच्यासमोर पाट टाकून बसलेले. हातात वही, कानावर पेन्सिल. टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस खिडकीतून उठून पोर्चमध्ये आला होता! मी चहा नेऊन दिला तर वर न बघता म्हणाले, "सीटवर सगळा भार एका वितीएवढ्या जागेवर येतो. तोच भार खुर्चीसारखा पसरला, अर्धा पाठीवर घेतला, तर त्या जागेला धक्का लागायचं कारण नाही. पायडल मात्र मग खाली नको, समोर पाहिजे."

मला काही कळलं नाही. पण रात्री मी जे बोलले ते ऐकलं गेलं होतं, एवढं कळलं.

त्यानंतरचे आठ दिवस घरात नुसती मापं चालली होती. एका रविवारी मला म्हणाले, "भिंतीला पाठ टेकून खाली बैस आणि पाय सरळ लांब कर." मी बसले. माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन त्यांनी भिंतीपासून माझ्या तळव्यापर्यंत माप घेतलं. दोन्ही पायांचं, दोनदोनदा. तेवढ्यात सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. "अगंबाई! हे काय चाललंय भरदुपारी?" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "आई, हिच्या पायाचं माप घेतोय." आजवर मी किती जणींच्या ब्लाउजची मापं घेतली असतील, पण नवऱ्यानं आपलं माप घ्यायचं म्हणजे काय गंमत असते, ती त्या दिवशी कळली. ते माप महत्त्वाचं असतं. लांबचं पायडल पायाखाली आलं की गुडघा अगदी थोडा वाकलेला राहिला पाहिजे. जास्त वाकला तर गुडघे दुखतात, अगदी ताठ झाला तर पाठ ओढली जाते.

अशा सायकलला इंग्रजीत रिकंबंट म्हणतात, हे लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं. तिनं तिचा सगळा इतिहासच शोधून काढला होता. तो सासूबाईंना ऐकवला, कारण मुख्य विरोध तिकडूनच होता. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ होते. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती. पण त्याची आई म्हणाली, "नको, रहदारीत पडेल." म्हणून मोशेंनी त्याला पायडल मारायची चारचाकी गाडी करून दिली. ती सगळ्यांना इतकी आवडली, की तशा गाड्या विकायला सुरुवात झाली. पुढे त्यांनी तिचीच दोन चाकांची, रेलून चालवायची सायकल केली. १९३३ च्या जुलैमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या, फारसं नाव नसलेल्या सायकलपटूनं तिच्यावर बसून एका तासात ४५ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर तोडलं आणि १९१४ पासून कुणाला न मोडता आलेला विक्रम मोडला. आता एवढं केल्यावर सत्कार व्हायला हवा की नाही? तर १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं ठरवलं, की ही सायकलच नव्हे! तिचे विक्रम सायकलच्या विक्रमांत धरायचे नाहीत.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. याला काय सायकल म्हणायची?"

सासूबाईंची हरकत यंत्राला नव्हती. "बाईमाणसानं चारचौघांत अशी तंगडी पसरून, रेलून बसायचं? लोक काय म्हणतील?" हे त्यांचं म्हणणं. आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. लहानपणापासून आपल्याला काय सांगितलंय? मोठ्यांसमोर पाय लांब करायचे नाहीत. वडीलधारे आले की टेकून बसायचं नाही. दुपारी पाठ टेकली आणि दार वाजलं तर आपण दचकून उठतो, जसं काही चोरी करताना सापडलो! आणि मी जालना रोडवरून, दिवसाढवळ्या, खुर्चीत रेलून जायचं?

पण रिक्षाचा हिशेब डोळ्यांसमोर होता. आणि पोर्चमध्ये हे पुन्हा गुणगुणायला लागले होते. मी म्हटलं, करा.

खरी परीक्षा झाली ती सायकल कापायच्या दिवशी. शहागंजच्या बाजूला एका बोळात वेल्डिंगचं दुकान आहे. तिथले चाचा ह्यांच्या ओळखीचे. ह्यांनी वहीतलं चित्र दाखवलं. चाचांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. "भाभी, ये सायकल हय या खाट?" मी काही बोलले नाही. माझं लक्ष वडिलांनी दिलेल्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर होतं. तिथे ह्यांनी खडूनं रेघ मारली होती. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

चाचांनी कटर हातात घेतला आणि थांबले. "पक्का काटूं ना? बाद में बोलेंगे नक्को!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायला मला तोंडच उघडेना. तेव्हा चाचाच म्हणाले, "अरे भाभी, काट नै रहे. लंबी कर रहे."

मी मान हलवली आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. ठिणग्यांचा आवाज ऐकू येत होता, तेवढा पुरे होता.

आता ज्यांना यंत्रात रस आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या सायकलचं मागचं चाक, मागचा त्रिकोण आणि जुन्या पायडलचा एक्सल तसाच ठेवला. तिथून पुढे दीड इंची चौकोनी पाइप जोडून सायकल लांबवली. पाइपच्या टोकाला लहान मुलांच्या २० इंची सायकलचं पुढचं चाक, चिमट्यासकट. त्या चाकाच्या थोडं मागे, पाइपवर, भंगारातल्या एका चौकटीतून कापून आणलेला पायडलचा एक्सल बसवला. हे झाले नवे पायडल. बसायची जागा जुन्या एक्सलच्या वर, जेवणाच्या खुर्चीइतक्या उंचीवर. त्यामुळे थांबले की दोन्ही पाय जमिनीला पुरतात आणि पडायची भीती उरत नाही.

आता पायडल पुढे आणि चाक मागे, म्हणजे चेन केवढी लांब लागेल! लांब चेन लोंबते, उतरते. ह्यांनी तिच्याऐवजी दोन चेन लावल्या. एक पुढच्या पायडलपासून जुन्या एक्सलपर्यंत, दुसरी तिथून मागच्या चाकापर्यंत. यात आणखी एक सोय झाली. पुढे लहान सायकलचं ३६ दात्यांचं चक्र आणि मध्ये ते ओढ घेणारं ४४ दात्यांचं, त्यामुळे पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं हलका झाला. वेगही तेवढाच कमी झाला. पण मला कुठे विक्रम करायचा होता? या सायकलवर चढ आला तर उभं राहून अंगाचा भार पायडलवर टाकता येत नाही, पाठीनं खुर्चीला रेटा देऊन पायांनीच ओढावं लागतं. म्हणून चढाच्या गावात तरी चक्र हलकंच पाहिजे.

दांड्यांचे ब्रेक काढून वायरचे घातले. वायर लांब लागते, ती स्कूटरच्या सामानाच्या दुकानात मिळाली. हँडलला दोन्हीकडे दीड-दीड फुटाचे पाइप जोडून ते मागे माझ्या हातापर्यंत आणलं. वळताना ते छातीसमोरून असं काही फिरतं, की मला जात्याच्या खुंट्याची आठवण होते. चेन कपड्याला लागू नये म्हणून ती वायरिंगच्या प्लास्टिक पाइपमधून नेली.

खुर्चीचं काम माझ्याकडे आलं. लोखंडी सांगाड्यावर नायलॉनची पट्टी ओढून विणायची होती. फोम घातला तर आमच्या मे महिन्यात पाठ भिजून जाते, पट्टीतून वारा खेळतो. सांगाडा मात्र मनासारखा मिळेना. दोन दिवस आम्ही भंगाराची दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपली अंगणातली घडीची खुर्ची पुढे सरकवली. "ही घ्या. मी पलंगावर बसेन." त्या खुर्चीत त्या रोज संध्याकाळी बसून माळ ओढायच्या. मी "नको आई" म्हटलं, तर म्हणाल्या, "घे म्हटलं की घ्यावं."

सगळं मिळून खर्च आला साडेचार हजार. वजन भंगारवाल्याच्या काट्यावर भरलं २७ किलो. लांबी सात फूट. पोर्चमध्ये ती मावेना, तेव्हा तुळस दोन हात सरकवावी लागली. वडिलांच्या सायकलची घंटी मी स्वतः नव्या हँडलला बसवली.

जूनमध्ये शिकायला सुरुवात केली. आदल्या वर्षापर्यंत सायकल चालवणारी बाई मी, पण पहिल्या दिवशी दहा फूटही सरळ जाईना! या सायकलवर अंगानं तोल सावरता येत नाही, नजर लांब ठेवून हँडल अगदी हलकं धरावं लागतं. पहाटे साडेपाचला जवळच्या मैदानावर जायचं, हे मागे धावायचे. साठीचा माणूस! चौथ्या दिवशी ती सरळ गेली. आणि ती गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कुठेही काहीही दुखत नाहीये. दीड वर्षानं पहिल्यांदा. मी मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि चौथीला रडत होते, पण ते वेगळं.

गल्लीतून पहिल्यांदा निघाले तो दिवस मात्र विसरायची नाही. पोरं ओरडली, "पलंग आला रे पलंग!" एका घराच्या ओट्यावरून आवाज आला, "काकू, झोप झाली का?" पानटपरीवरची माणसं वळून वळून बघत होती. मान खाली घालून जावं, तर या सायकलवर मानही खाली घालता येत नाही, समोर बघावंच लागतं! शेवटी मी सगळ्यांकडे बघतच गेले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते खरं आहे. दहाव्या दिवशी कुणी ओरडलं नाही. पंधराव्या दिवशी तीच पोरं मागून धक्का देऊन चढ चढवून द्यायला लागली.

सगळं गोड झालं असं नाही. तिसऱ्याच आठवड्यात, रविवारी सायकल पुसताना, मधल्या जोडाजवळ रंगाला केसाएवढी रेघ दिसली. मी फडकं ओलं करून पुन्हा पुसलं, रेघ जाईना. ह्यांना हाक मारली. ते बघून गप्पच झाले. जोडाला चीर गेली होती! लांब सायकलचा सगळा वाक त्या मधल्या जोडावर येतो आणि गतिरोधकावर तो दर वेळी लवतो. भर रस्त्यात तुटली असती तर? त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चाचांकडे जाऊन जोडाखाली त्रिकोणी पत्रा आणि खालून एक तिरका आधार घालून आणला. तेव्हापासून दर रविवारी जोड पुसून बघायचं काम माझं. घरातला कुणी हौशी असं काही करू लागला, तर त्याला हे आवर्जून सांगा. आधार आधीच घाला, आणि वेल्डिंग कसलेल्या हाताकडूनच करून घ्या.

आणखी चार गोष्टी अनुभवानं शिकले. सायकल बुटकी, म्हणून ती ट्रकवाल्याला दिसत नाही. पडद्याच्या काठीला भगव्या रंगाच्या जुन्या साडीचा तुकडा लावून मी मागे झेंडा उभा केलाय, माणसाच्या डोक्याच्याही वर जाईल असा. मागे वळून बघता येत नाही, म्हणून स्कूटरचे दोन आरसे. गर्दीच्या वेळी जालना रोडवर जेवढं जावंच लागतं तेवढंच, बाकी आतल्या रस्त्यांनी. पुढचं चाक लहान, ते खड्ड्यात अडकतं, म्हणून खड्डा टाळायचा आणि टळत नसेल तर उतरायचं. पावसात पुढच्या चाकाचा चिखल थेट तोंडावर येतो, तेव्हा मडगार्ड लांबच हवं. साडीवर ही सायकल जमत नाही, सलवार किंवा पँट घालायची आणि ओढणी गाठ मारून मागे टाकायची. ऊन समोरून तोंडावर येतं, त्याला स्कार्फ आणि टोपी. आमच्या गावात बायकांना स्कार्फ बांधायला काही शिकवावं लागत नाही!

पण मी हे सगळं लिहायला बसले ते एका वेगळ्याच कारणानं.

कंपनीच्या पॅकिंग खात्यात एक जण आहे. मुकुंदवाडीहून सायकलनं येते. दोन मुलं, धाकटं तीन वर्षांचं. सुरुवातीला बाकीच्यांसारखीच माझ्या सायकलभोवती फिरून हसली. मग एके दिवशी डबा खाताना माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही ही कशामुळं केली?"

मी सांगितलं. जागेचं नाव घेऊन सांगितलं.

तिनं घास खाली ठेवला. "मलाही तिथंच दुखतं. धाकट्याच्या वेळी टाके पडले तेव्हापासून. मला वाटलं, माझंच काहीतरी वाईट आहे."

तीन वर्षं! रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर. घरी सांगितलं नाही, डॉक्टरला दाखवलं नाही. मी तिला आधी डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मैत्रिणींनो, हे पहिलं करायचं. दुखण्यामागे काही असेल तर ते आधी कळायला हवं, सायकलचं नंतर. तिच्या बाबतीत सुदैवानं औषधांवर भागलं. आणि मग रविवारी तिची सायकल आमच्या पोर्चमध्ये आली. ह्यांनी बघितलं तर सीटचं टोक वर उचललेलं आणि सीट तिच्या उंचीला फार वर. म्हणजे सगळा भार नको तिथे. त्यांनी सीट खाली घेतली, टोक किंचित झुकवलं, अरुंद सीट काढून स्प्रिंगची रुंद घातली. अर्ध्या तासाचं काम आणि जुन्या बाजारातली एक सीट. तिचं निम्म्याहून जास्त दुखणं गेलं. म्हणजे प्रत्येकीला माझ्यासारखी सायकल कापायला नको. पुष्कळदा एका पान्याचं काम असतं. पण तो पाना हातात येण्याआधी तोंड उघडावं लागतं.

त्या संध्याकाळी ती गेल्यावर सासूबाई बाहेर आल्या. माझ्या सायकलजवळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "धर गं जरा." मी हँडल धरलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आपल्याच खुर्चीत, माझ्या सायकलवर, टेकून बसल्या. पाय जमिनीवर, हात मांडीवर. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग तुळशीकडे बघत म्हणाल्या, "चार बाळंतपणं झाली. मलाही दुखायचं. पाटावर बसलं की दुखायचं. किती वर्षं, आठवतही नाही. कुणाला सांगायचं होतं?"

मी काय बोलणार? तशीच हँडल धरून उभी राहिले. आतून हे बघत होते, पण बाहेर आले नाहीत.

आता हे खिडकीत बसत नाहीत. रविवारी आमच्या पोर्चमध्ये एकदोन सायकली असतातच, बहुतेक कंपनीतल्या बायकांच्या. कुणाची सीट, कुणाचं हँडल. पैसे हे घेत नाहीत, कुणी मेथीची जुडी ठेवून जातं. परवा एक नवीनच बाई आली, शेजारणीच्या ओळखीची. सायकल लावून उभी राहिली, काय होतंय ते काही सांगेना. ह्यांनी पाना खाली ठेवला, मला आतून हाक मारली आणि टेप माझ्या हातात दिली.

"तू आधी विचार तिला," म्हणाले, "मी तोवर चहा टाकतो."